पहिल्या हँगरवरचा कोट

लाँड्रीत संगणक बसवायची कल्पना मेहुण्याची नव्हती. गिऱ्हाइकांनी ती मागितली नव्हती, आणि इस्त्रीवाल्याने तर हात जोडून नको म्हटलं होतं. कल्पना दप्तरदारांची होती. दप्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. ती लोकांनी एकमताने केलेली तक्रार होती. कोणत्या लग्नात आपल्याला मागच्या रांगेत बसवलं, कोणत्या शेजाऱ्याने शिडी नेली आणि डुगडुगती करून परत आणली, कोणत्या साहेबाने आपल्या नमस्काराला नुसती मान हलवली, हे सगळं त्यांच्याजवळ तारीखवार जमा असे. साधी माणसं असल्या गोष्टी विसरतात आणि सुखाने झोपतात. दप्तरदार विसरत नसत, आणि त्यांच्याकडे सहसा कोणी फिरकतही नसे.

ते नुकतेच निवृत्त झाले होते. ऑफिसात ते संगणक विभागात होते आणि जुन्या काळातली एक प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांना खरोखर येत होती. एवढं श्रेय त्यांना आत्ताच देऊन टाकलेलं बरं, कारण पुढे देण्यासारखं फारसं काही नाही. निवृत्तीनंतर लगेचच त्यांनी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. मीठ सापडेना म्हणून बायको चिडली, तर म्हणाले, "म च्या फळीवर बघ, मुगाच्या अलीकडे. शोधायची एक पद्धत असते." बायकोचा धाकट्या भावावर जीव होता, पण स्वयंपाकघरावर जरा जास्त होता.

"अहो," ती म्हणाली, "छोटूच्या दुकानात जाऊन बघा ना जरा. त्याला जाणता माणूस हवाच आहे कोणीतरी."

छोटूला कोणीही नको होतं. छोटू म्हणजे तिचा भाऊ, दप्तरदारांचा मेहुणा. वयाने चाळिशी ओलांडली तरी घरात छोटूच राहिलेला. त्याची लाँड्री रस्त्याच्या वळणावर होती. पुढे काउंटर, काउंटरच्या मागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे लटकवायची लोखंडी दांडी, तिच्यामागे वाफेच्या इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात माळ्यावर जाणारी उभी शिडी. सगळा कारभार चिठ्ठ्यांवर चाले. अर्धी चिठ्ठी कपड्याला टाचणीने, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाइकं ती हमखास हरवत आणि मेहुण्याला त्याने काही फरक पडत नसे. तो माणसाचा चेहरा बघून शर्ट काढून देई. म्हणजे दुकान उत्तम चाललं होतं, आणि नेमकं हेच दप्तरदारांना बघवलं नाही.

अर्थात मेहुण्यालाही एक घोर लागलेला होताच. समोरच्या बाजूला काचेच्या दाराची नवी लाँड्री उघडली होती. तिथे गणवेश घातलेली मुलगी छापील पावती द्यायची आणि वर हसायची. कोपऱ्यावरच्या हॉटेलला आपले सगळे गणवेश धुवायला द्यायचे होते, आणि हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी दोन्ही दुकानांना सांगून ठेवलं होतं की महिनाभर थोडे थोडे कपडे देऊन बघू. "मला कारणं चालत नाहीत," बाई म्हणाल्या होत्या. "मागेन तेव्हा कपडा हातात पडला पाहिजे." हॉटेल समोर गेलं तर आपल्याला इस्त्रीवाल्याला निरोप द्यावा लागेल, आणि त्याच्या मागोमाग दुकानालाही, हे मेहुण्याला स्वच्छ दिसत होतं. इस्त्रीवाला त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्यामुळे दप्तरदार "मी तुला असा प्रोग्रॅम लिहून देतो की समोरचा तोंडात बोट घालील" असं म्हणाले, तेव्हा मेहुणा बिचारा हो म्हणून बसला.

आता त्या कोटाबद्दल सांगायला हवं. दप्तरदारांनी निरोपसमारंभात घातलेला राखाडी कोट धुवायला टाकला होता, आणि तो परत मिळाला तेव्हा त्याच्या कॉलरच्या खाली एक फिकट डाग होता. चष्मा लावून, उजेडाकडे धरून, मनात राग ठेवून बघितलं तर दिसे. मेहुणा म्हणाला, डाग आधीपासून होता. दप्तरदार म्हणाले, डाग लाँड्रीने पाडला. मेहुणा एरवी कोणाच्याही पाया पडेल असा माणूस, पण इथे तो अडून बसला. धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता. दप्तरदारांनी जाहीर केलं, "डाग माझ्या हातून पडला, असं तू चारचौघांत म्हण, मग मी कोट नेईन. तोवर तो इथेच राहील, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर." तेव्हापासून कोट दाराजवळच्या पहिल्या हँगरवर लटकत होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याची बाही बाजूला सारून आत यावं लागे.

प्रोग्रॅम तयार झाल्यावर त्यात पहिली नोंद दप्तरदारांनी स्वतःच्या कोटाचीच केली. चाचणी म्हणूनही आणि पुरावा म्हणूनही.

प्रोग्रॅममध्ये गिऱ्हाइकाचं नाव, कपडा, हँगरचा नंबर एवढं असतं तर तो प्रोग्रॅम दप्तरदारांचा कसला? प्रत्येक कपड्याचा पुढून फोटो, मागून फोटो, डाग असेल तर डागाचा जवळून फोटो, तुटलेल्या बटणांची नोंद आणि गिऱ्हाईक काय म्हणालं त्याचा गोषवारा, एवढं सगळं तो पोटात घ्यायचा. घ्यायचा म्हणजे संगणकाच्या मेमरीत हाताशी ठेवायचा, म्हणजे कोणी भांडायला आलं की पुरावा तात्काळ समोर. मेमरी अमर्याद नसते, कपडा दिला की त्याची नोंद तिथून हलवून कायमच्या साठ्यात टाकायची आणि जागा मोकळी करायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. तसं त्यांनी लिहिलंही होतं. फक्त त्यात एक तत्त्व घातलं होतं.

ते तत्त्व असं. ऑफिसात एकदा दप्तरदारांना डावलून त्यांच्या मागून लागलेल्या माणसाला बढती मिळाली होती. ज्येष्ठतेचा हा अपमान त्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला, आणि जगाने नाही तर निदान आपल्या प्रोग्रॅमने तरी न्यायाने वागावं असं ठरवलं. म्हणून नियम केला: जी नोंद आधी आली तीच आधी सुटणार. पुढची निकालात निघाल्याशिवाय मागच्या कोणालाही मेमरीतून बाहेर पडता येणार नाही, मग तो कपडा देऊन कितीही दिवस झालेले असोत. निवृत्त माणसांनी आपले अपमान डायरीत लिहावेत हे उत्तम. ते प्रोग्रॅममध्ये लिहिले की दुसऱ्यांना निस्तरावे लागतात.

चिठ्ठ्या बंद झाल्या. टाचण्यांचा डबा दप्तरदारांनी स्वतःच्या हाताने माळ्यावर नेऊन ठेवला. आता कपड्यावर काहीच लिहिलेलं नसे. हँगरला नंबर, आणि कोणत्या नंबरवर कोणाचं काय हे फक्त संगणकाला माहीत. सुरुवातीला प्रोग्रॅम पळाला. गिऱ्हाइकाने नाव सांगायचा अवकाश, पडद्यावर नंबर हजर. मॅनेजरबाईसुद्धा "अरे वा" म्हणाल्या. त्या 'अरे वा'ची बातमी दप्तरदारांनी शेजारी राहणाऱ्या बँकवाल्यांना जिन्यात सांगितली, फाटकात सांगितली आणि ते विसरले असतील म्हणून गच्चीवर पुन्हा सांगितली.

मग पडद्यावर 'शोधत आहे' अशी अक्षरं दिसू लागली. आधी ती नुसती चमकून जात. पुढे ती थांबू लागली. काही दिवसांनी तर गिऱ्हाईक ती वाचून, बाहेर जाऊन, बूट पॉलिश करून परत येई तरी ती तिथेच. संगणकावरचा बारीक लाल दिवा सारखा लुकलुके आणि आतून कुरकुर ऐकू येई.

"भाऊजी, जरा हळू चालतोय का हो?" मेहुण्याने चाचरत विचारलं.

"गिऱ्हाइकं घाई करतात," दप्तरदार म्हणाले. "लोकांना हल्ली धीर म्हणून नाही."

पण बायकोने घरी तोच प्रश्न विचारला आणि तिला हे उत्तर पुरलं नाही. तेव्हा दप्तरदारांनी संगणक दुरुस्त करायची मोहीम हाती घेतली. मोहीम म्हटली की सल्लागार आलेच, आणि सल्ल्याला बँकवाल्यांसारखा माणूस नाही. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि बँकेत संगणक आल्यापासून त्याला हात न लावता नोकरी पुरी केल्याचा त्यांना अभिमान होता.

"मेमरी भरली असणार," ते म्हणाले. "माझ्या मोबाइलचं अस्संच झालं होतं. मी फोटो पुसले. तुम्ही फोटो पुसा."

दप्तरदारांनी तुच्छतेने हुं केलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन फोटो पुसले. कपड्यांचे नव्हेत, ते पुरावे होते. मेहुण्याने त्याच संगणकात घरचे फोटो ठेवले होते, ते. त्याची मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हाचा व्हिडिओ त्यात गेला. मशीन होतं तितकंच हळू राहिलं. राहणारच; घरचे फोटो मेमरीत नव्हते, साठ्यात होते. कपाट आवरल्याने टेबलावरचा पसारा कमी होत नाही, आणि प्रोग्रॅम चालतो तो टेबलावर. व्हिडिओ गेल्याचं आपल्या बायकोला सांगायला लागू नये म्हणून मेहुणा दोन दिवस रात्री उशिरा घरी गेला.

"मग व्हायरस," बँकवाले म्हणाले.

व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बसवला. त्याने बसल्याबरोबर स्वतःलाच ऐसपैस मेमरी घेतली आणि दर फोटो उघडून तपासायला सुरुवात केली. 'शोधत आहे' ही अक्षरं उमटायलाही आता वेळ लागू लागला. व्हायरस सापडला नाही.

"मग बंद करून चालू करा," बँकवाले म्हणाले. हा सल्ला पोस्टमननेही दिला, दूधवाल्याने दिला आणि एका गिऱ्हाइकाच्या कडेवरच्या पोरानेही बटणाकडे बोट दाखवून दिला. बंद करून चालू केलं. पण दप्तरदारांचा प्रोग्रॅम दप्तरदारांसारखाच होता. उठल्या उठल्या त्याने सगळ्यात जुन्या न सुटलेल्या नोंदीपासून कालपर्यंतचं सगळं पुन्हा आठवून घेतलं, एकेक फोटोसकट. त्यात अर्धी सकाळ गेली, आणि दाराबाहेर रांग लागली ती वेगळीच.

शेवटी दप्तरदारांनी मेमरीची जास्तीची पट्टी विकत आणायचं ठरवलं. ती आणली, तर खाचेत बसेना. तिची खाच उजवीकडे, मशीनची डावीकडे. बदलून आणायला गेले तर संगणकाच्या दुकानातल्या खिडकीतला माणूस म्हणाला, "सील तुटलंय."

"सील तोडल्याशिवाय बसत नाही हे कळणार कसं?"

"ते टेक्निकलला विचारा. वरच्या मजल्यावर."

टेक्निकल म्हणाला, पट्टी चांगली आहे, तक्रार मशीनची आहे, मशीन घेऊन या. मशीन रिक्षात घालून नेलं. तेव्हा टेक्निकल जेवायला गेला होता, आणि जेवून आला तेव्हा म्हणाला की बदलून द्यायचं काम खिडकीचं, पण त्यासाठी मूळ वेष्टन लागेल. दप्तरदारांच्या घरातून आजवर एक सुतळीचा तुकडा बाहेर गेला नव्हता. रिकाम्या बाटल्या, जुनी कॅलेंडरं, बंद घड्याळं, सगळं 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेलं. आणि बायकोने इतक्या वर्षांत धीर करून एकच वस्तू टाकून दिली होती, ती म्हणजे हे वेष्टन. दप्तरदारांनी हा प्रसंग तिच्या खात्यात तारखेसह जमा केला आणि दुसरी पट्टी घेतली.

ती बसली, आणि प्रोग्रॅम पळू लागला. दप्तरदारांनी बाकीच्यांकडे असं पाहिलं की पोस्टमन पत्र न देताच निघून गेला. पण सोडायचं काहीच नाही असं ठरवलेल्या माणसाला मोठं घर दिलं तर तो फक्त जास्त पसारा करतो. त्याच आठवड्यात 'शोधत आहे' परत आलं.

"काका, कपडा दिल्यावर त्याची जागा प्रोग्रॅम सोडतो ना?" बँकवाल्यांची सून एकदा कपडे टाकायला आली होती, तिने विचारलं. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि हेच काम दिवसभर करत असे. पण तिने एकदा आपली स्कूटर दप्तरदारांच्या खिडकीखाली लावली होती, आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नव्हतं.

"सोडतो," दप्तरदार म्हणाले. "क्रमाने. आमच्या वेळी क्रमाला किंमत होती."

ती खांदे उडवून निघून गेली. दप्तरदारांनी खांदे उडवल्याचीही नोंद घेतली.

इकडे दुकानाची दशा बघवत नव्हती. नंबर सापडत नाही म्हणून गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परत जात. तयार कपडे दांडीवरच राहत आणि दांडी भरून जाई. नवे कपडे आले की इस्त्रीवाला जुन्यांतला एक गठ्ठा उचलून शिडीने माळ्यावर नेई. तो वर पोचेपर्यंत खाली पडद्यावर नंबर उमटे, आणि तो नेमका त्याच गठ्ठ्यातला असे. मग तो खाली आणायचा. पण दांडीवर जागा नाही, म्हणून दुसरा काहीतरी वर न्यायचा. थोड्या वेळाने तोच परत हवा. इस्त्रीवाला दिवसभर शिडीवरच, आणि इस्त्री टेबलावर गार. मशीनच्या आतही नेमकं हेच चाललं होतं. मेमरी भरली म्हणून ते जुन्या नोंदी साठ्यात ढकलायचं, लगेच त्या हव्या झाल्या की परत ओढायचं, आणि ही ने-आण करता करता मूळ कामाला त्याला उसंतच मिळायची नाही. तो लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे त्याची शिडी होती. बाहेर इस्त्रीवाला धापा टाकत होता आणि आत मशीन. दप्तरदार दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या डोक्यात काही प्रकाश पडत नव्हता.

"साहेब, गुडघे बोलायला लागले," इस्त्रीवाला म्हणाला.

"व्यायाम होतो," दप्तरदार म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मॅनेजरबाई स्वतः आल्या. हॉटेलात दुपारी कोणाची तरी मोठी मेजवानी होती, वाढपी तयार होऊन उभे होते, फक्त त्यांच्या अंगात जाकिटं नव्हती. ती लाँड्रीत होती. म्हणजे लाँड्रीत कुठेतरी होती. आदल्या दिवशी आलेल्या दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांबरोबर गठ्ठ्यागठ्ठ्याने वर-खाली होता होता ती कुठल्या नंबरवर गेली हे एकट्या संगणकाला ठाऊक होतं, आणि संगणक 'शोधत आहे' एवढंच म्हणत होता. दुकान गिऱ्हाइकांनी गच्च भरलेलं. त्यात बँकवाल्यांची सून होती, आणि नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन आलेली दप्तरदारांची बायकोही दारातच अडकली होती, कोटाच्या बाहीखाली.

"मी माळ्यावर जाऊन हाताने काढतो," मेहुणा म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "मला ओळखू येतील."

"नोंदीशिवाय एक कपडा हलणार नाही," दप्तरदार शिडीला पाठ लावून उभे राहिले. "एकदा पद्धत मोडली की मोडली."

मॅनेजरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग काचेच्या दाराकडे. "आमची जुनी जाकिटं समोर तयार आहेत. मी तिकडेच जाते. आणि पुढचंही तिकडेच बघू," त्या म्हणाल्या, आणि वळल्या. मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. इस्त्रीवाला गार इस्त्रीची वायर गुंडाळू लागला. त्याला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"बाई, एक मिनिट थांबा," सून म्हणाली. ती काउंटरवरून वाकून पडदा बघत होती. "काका, तुम्ही म्हणाला होतात, क्रमाने सोडतो. म्हणजे सगळ्यात जुना कपडा दिल्याशिवाय मागचं काहीच सुटत नाही?"

"अर्थात. ज्येष्ठता म्हणजे ज्येष्ठता."

"मग सगळ्यात जुना कपडा कोणता आहे?"

दुकानातल्या एकेकाची मान दाराकडे वळली. पहिल्या हँगरवरचा राखाडी कोट पंख्याच्या वाऱ्यावर संथ हलत होता.

"अगं बाई," बायको म्हणाली.

"म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं सगळं अजून आतच आहे," सून म्हणाली. "गावभरचे शर्ट या कोटाच्या मागे रांगेत उभे आहेत. कोट दिला अशी नोंद करा, सगळे सुटतील."

"तो दिलेला नाही," दप्तरदार म्हणाले. "मी खोटी नोंद करणार नाही."

"मग न्या की हो!" एक गिऱ्हाईक मागून ओरडलं.

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे. डाग कोणाचा हे आधी ठरलं पाहिजे."

मेहुण्याने एकदा इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. मग तो काउंटरच्या बाहेर आला आणि दप्तरदारांसमोर उभा राहिला. "भाऊजी, डाग माझ्या हातून पडला. माझी चूक. कोट न्या," तो म्हणाला. आपण पाडलेला नाही अशा डागासाठी माफी मागणं किती जड जातं, ते त्या तोंडाकडे बघून कोणालाही कळलं असतं. ते फक्त दप्तरदारांना कळलं नाही.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," दप्तरदार म्हणाले. "जरा मोठ्याने."

बायकोने डबा काउंटरवर आपटला, हँगरवरून कोट खेचून काढला आणि नवऱ्याच्या अंगावर फेकला.

"मोठ्याने मी सांगते," ती म्हणाली, आणि ते रस्त्यापलीकडच्या गणवेशातल्या मुलीलाही ऐकू गेलं. "हा कोट याने दिला आणि तुम्ही घेतला. एवढे सगळे बघताहेत. दाबा ते बटण. नाहीतर आजपासून जेवण इथेच, झोपणं इथेच, आणि हँगर तुम्हाला मी देते."

दप्तरदारांनी कोट काखेत धरला आणि बटण दाबलं.

लाल दिवा एकदा लख्ख लागला, बराच वेळ तसाच राहिला आणि विझला. कुरकुर थांबली. पडद्यावर हॉटेलच्या जाकिटांचा नंबर असा उमटला, जणू काही तो केव्हापासून ओठांवरच होता. इस्त्रीवाला गुडघे विसरून शिडी चढला. जाकिटं बाईंच्या हातात पडली, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि जाता जाता म्हणाल्या, "उद्यापासून सगळं इथेच पाठवते. पण असं परत व्हायला नको." इस्त्रीवाल्याने तोंड फिरवून डोळे पुसले. मेहुण्याने बहिणीचा हात धरला आणि सोडला.

मग जो तो आपापले कपडे घेऊन गेला. नाव सांगितलं की नंबर, नंबर सांगितला की कपडा. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला दांडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोकळी होती, माळा रिकामा होता आणि प्रोग्रॅमच्या पोटात एकही नोंद उरली नव्हती. माळ्यावरून येताना इस्त्रीवाल्याने टाचण्यांचा डबा आणला आणि काउंटरखाली ठेवला.

दप्तरदार मात्र दुपारपासून सावरले होते. आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते की प्रोग्रॅम मुळात उत्तमच होता, थोडं सूक्ष्म काम बाकी होतं, ते आज करून टाकलं. बँकवाले ऐकायला आले तेव्हा त्यात एक-दोन इंग्रजी शब्दही पडले. सुनेचा उल्लेख आला नाही, कारण स्कूटरचं प्रकरण मिटायचं होतं.

बायको दारात उभी राहून म्हणाली, "चला आता घरी. घाला तो कोट."

दप्तरदारांनी कोट घातला. काउंटरजवळच्या आरशात पाहिलं. मान वाकडी केली, कॉलर वर केली, चष्मा पुसून पुन्हा लावला. मग त्यांनी कोट सावकाश काढला, घडी घातली आणि मेहुण्यासमोर ठेवला.

"डाग तुझ्या हातून पडला हे तू आज सर्वांसमोर कबूल केलंयस," ते म्हणाले. "तो आता तूच काढून दे. निघाला की नेईन."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने कपाळाला हात लावला. दप्तरदार तोवर खुर्चीवर बसून कोटाचे पुढून, मागून आणि कॉलरजवळून फोटो काढत होते. यादीत आधीचं कोणीच नव्हतं, त्यामुळे कोटाला पहिला नंबर मिळाला.